मठपती सरांचा शनिवार

मठपती सरांना पोरांची नावं कधीच लक्षात राहिली नाहीत. गावं मात्र एकदा ऐकली की पक्की. हजेरी घेताना ते यादीकडं बघतसुद्धा नसत. "निलंगा? हाय. देगलूर? आलास का बाबा. अहमदपूर, आज पण गाडी चुकली का तुझी?" असं चालायचं. मी शिरूर अनंतपाळची, म्हणून कॉलेजची सगळी वर्षं मी 'शिरूर' होते. पहिल्याच दिवशी मी फणकाऱ्यानं म्हटलं होतं, "सर, माझं नाव वर्षा आहे." सर म्हणाले, "असंल की. पण वर्षा महाराष्ट्रात लई हायत. शिरूरची माझ्याकडं एकच हाय." मी बसले खाली.

लातुरातलं आमचं कॉलेज डोळे तपासणाऱ्यांचं. डॉक्टर नव्हे, नंबर काढणारे, नजर तपासणारे, कुणाला डॉक्टरकडं पाठवायचं ते ओळखणारे. आमच्या गावात माझे वडील सगळ्यांना "पोरगी डोळ्याचं शिकून राहिली" एवढंच सांगायचे, आणि लोक लगेच आपले डोळे माझ्यापुढं करायचे. पण डोळ्याचं शिकायचं म्हणून आलेल्या आम्हा पोरांना पहिल्या वर्षी गाठ पडायची ती डोक्याशी. कवटी, मेंदू, डोळा आणि त्यांना जोडणाऱ्या नसा, असा तो विषय. पुस्तक उशाला घेऊन झोपता येईल इतकं जाड. निम्मी पोरं त्या पुस्तकाला बघूनच बेजार व्हायची. हा विषय मठपती सर शिकवायचे.

सर बुटके, अंगानं गोल, पांढरा अर्ध्या बाहीचा शर्ट, खिशात चार रंगांची स्केचपेनं, आणि डोक्याला चकचकीत टक्कल. ते टक्कल हाच त्यांचा फळा होता. कवटीची हाडं कुठं कुठं सांधलेली असतात हे शिकवायचं असलं की सर पहिल्या बाकावरच्या पोराच्या हातात निळं स्केचपेन द्यायचे आणि मान खाली घालायचे. "काढ. भिऊ नको. डोकं माझं हाय, मार्क तुझे हायत." पोरगं कपाळापासून मागं रेघ ओढायचं. चुकलं की सर तिथंच थुंकी लावून पुसायचे आणि म्हणायचे, "हितनं वळव, नाल्यासारखं."

एकदा अशाच तासानंतर सर तडक उदगीरला भाचीच्या लग्नाला गेले. डोकं धुवायचं राहिलं. मांडवात निळ्या-लाल रेघांचं डोकं घेऊन फिरणारा मामा बघून वरपक्ष हादरला. मेंदूचं ऑपरेशन झालंय म्हणे, आणि तरी बिचारा भाचीसाठी आला! एका आजीबाईंनी उठून आपली खुर्ची दिली, कुणी ताक आणून दिलं, व्याह्यांनी हात धरून पहिल्या पंगतीला बसवलं. सरांना वाटलं, मास्तर म्हणून मान देऊन राहिले. हात धुताना आरशात बघितलं तेव्हा उलगडा झाला. "मग काय केलं सर?" आम्ही विचारलं. "काय करणार? जिलबी येईपर्यंत आजारी राहिलो."

दुसरी गोष्ट बकऱ्याच्या डोळ्यांची. डोळा कापून आतून बघायचा असतो, आणि त्यासाठी बकऱ्याचे डोळे लागतात. बाकीच्या कॉलेजांत हे काम शिपाई करतो. आमच्याकडं सर स्वतः करायचे, कारण त्यांना डोळा ताजा पाहिजे असायचा आणि मागच्या नसेचा देठ लांब ठेवून कापलेला पाहिजे असायचा. आता गंमत अशी, की सर पक्के लिंगायत. घरात अंड्याचं नाव निघालेलं नाही. असा हा माणूस सकाळी स्टीलचा डबा घेऊन मटणाच्या दुकानापुढं उभा राहून सांगायचा, "भाई, देठ जरा लांब ठेवा." एक दिवस त्यांच्या नात्यातल्या कुणीतरी बघितलं. सर घरी पोचायच्या आधी बातमी पोचली. काकू म्हणजे सरांच्या बायको दारातच उभ्या. त्यांनी काही न बोलता डबा घेतला, झाकण काढलं, आणि आतले बारा डोळे त्यांच्याकडं बघत होते. काकूंनी झाकण लावलं आणि म्हणाल्या, "खायला आणलं असतं तर मी माहेरी गेले असते. पण हे तर माझ्याकडंच बघून राहिलेत. न्या तुमच्या पोरांना." तेव्हापासून तो डबा घरात येत नसे, स्कूटरच्या डिकीत राहायचा.

पण सरांचं खरं शिकवणं वर्गात नव्हतंच. ते होतं कॉलेजच्या मागच्या पटांगणात. खो-खोचं मैदान आखतात त्या पांढऱ्या फक्कीनं सर जमिनीवर एक अवाढव्य डोकं काढायचे. पुढं दोन गोल, ते डोळे. प्रत्येक डोळ्याला मागं दोन दारं, एक नाकाकडचं, एक कानाकडचं. तिथून निघालेले रस्ते मध्ये एका फाट्यावर एकत्र यायचे आणि पुन्हा वेगळे होऊन पार मागं, जिथं माणसाची शेंडी असते तिथं जायचे. "डोळा बघत न्हाई," सर ओरडून सांगायचे, "डोळा निस्तं तिकीट काढतो. बघणारं गाव मागं हाय!" आणि आम्हाला चालायला लावायचे. नाकाकडच्या दारातून निघालेल्यांच्या हातात दस्ती, म्हणजे रुमाल. त्यांनी फाट्यावर बाजू बदलायची. कानाकडचे सरळ पुढं. पहिल्या दिवशी फाट्यावर आमची अशी टक्कर व्हायची, की बस स्टँडवर जागा धरायला पळणारी माणसं परवडली.

मग सर रस्त्यात कुठंतरी एक बाक आणून आडवा टाकायचे. "आता कोण अडकलं? आणि त्या माणसाला काय दिसंना झालं?" फाट्यावर बाक टाकला की दस्तीवाले सगळे अडकायचे. आता बाहेरच्या अंगाचा उजेड डोळ्यात शिरून नाकाकडच्या पडद्यावर पडतो. म्हणजे नाकाकडचे अडकले, की दोन्ही डोळ्यांना बाहेरच्या बाजूचं दिसेनासं होतं. टांग्याच्या घोड्याला झापडं बांधतात, तसं. समोरचं स्वच्छ, कडेचं गायब. हे पुस्तकात मी सात वेळा वाचलं होतं आणि सात वेळा विसरले होते. पटांगणात त्या बाकाला गुडघा आपटला, तेव्हापासून आजपर्यंत विसरले नाही.

आणि शनिवारी नाटक. सर स्टुलावर बसायचे. नस कुठं तुटली ते मनाशी ठरवून चिठ्ठीवर लिहायचे आणि चिठ्ठी खिशात टाकायचे. मग आपण हातभर अंतरावर समोर बसायचं, सरांना एक डोळा झाकायला सांगायचं, दुसऱ्या डोळ्यानं आपल्या डोळ्यात बघायला सांगायचं आणि आपलं बोट हलवत हलवत कडेनं आत आणायचं. ठरवलेल्या जागी सर "दिसलं" म्हणायचे, नाही तर गप्प. त्यावरून आपण सांगायचं, बाक कुठं पडलाय. मग चिठ्ठी निघायची. बारा वर्षांत चिठ्ठी आणि नाटक यांत फरक पडला नाही म्हणे.

आमच्या वर्षी सर मवाळ झालेत अशी एक हवा होती. आधीच्या पोरांनी सांगितलं होतं की सरांच्या वर्गात कडेच्या बाकावर शेंग सोललेलीसुद्धा चालत नाही. आम्ही तर अख्खा पाव किलो शेंगा संपवायचो, मी या कडेला आणि देगलूरचा नरेश त्या कडेला. सर समोर बघून शिकवत राहायचे. शिवाय सर वर्गात शिरताना दाराच्या चौकटीला खांदा आपटायचे. स्कूटर गेटला घासायची. आम्ही त्यांची नक्कल करायचो. चष्मा त्यांनी वर्षात दोनदा बदलला, दोन्ही वेळा समोरचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. डोळे शिकवणारा माणूस, डोळे शिकणारी चाळीस पोरं, आणि एकाच्याही डोक्यात काही आलं नाही. आज आठवलं तरी मला माझाच राग येतो.

त्या शनिवारी माझी पाळी होती. या विषयात आधीच माझी बोंब, त्यामुळं मी रात्रभर देव आठवून आले होते. सरांनी उजवा डोळा झाकला. मी बाहेरून बोट हलवत आणलं. सर गप्प.

"आण की गं बोट."

"आणलंय सर."

"कुठं आणलंस? झोपलीस का काय? आण लवकर."

वर्ग हसायला लागला. नरेश मागून म्हणाला, "काय अॅक्टिंग हाय राव!" मी बोट सरकवत सरकवत पार मधोमध आणलं तेव्हा सर म्हणाले, "हां, आत्ता दिसलं." दुसऱ्या डोळ्यालाही तेच. मला इतका आनंद झाला! इतकं सोपं कधीच आलं नव्हतं. मी उठून ठणकावून सांगितलं, "फाट्यावर बाक आहे सर. दोन्ही बाहेरच्या बाजू गेल्यात."

सरांनी हसत चिठ्ठी काढली आणि वर्गाला दाखवली. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'काहीही नाही.'

"आज मी निरोगी माणूस हाय," सर म्हणाले. "आपल्या लोकांना रोगच बघायची सवय लागती. निरोगी माणूस ओळखणं सगळ्यात अवघड. शिरूर, शून्य."

वर्ग खो-खो हसला. माझं डोकं मुळातच लवकर तापतं, त्यात शून्य. मी म्हटलं, "सर, मी बोट हलवून राहिले होते. तुम्हाला दिसलं नाही."

"एनु?" रागावले की सर कन्नडवर यायचे. "बोट कानामागं धरतीस आन् रोग मला चिकटवतीस?"

"कानामागं नव्हतं सर. निलंगे, तू ये, तू बघ."

निलंग्याची सुनीता माझी मैत्रीण, पण भित्री. तरी आली बिचारी. तिनं बोट आणलं. अख्खा वर्ग आता ते बोट बघत होता. ते सरांच्या खांद्याच्या बाजूला चांगलं नाचत होतं. सर म्हणाले, "तू पण झोपलीस का?" या वेळी कुणी हसलं नाही.  सरांनी चिठ्ठी चुरगाळली, "तुम्ही दोघींनी ठरवून चालवलंय," असं म्हणाले आणि तरातरा निघाले. दारात त्यांचा डावा खांदा चौकटीला आपटला.

सोमवारी सर आले, शिकवलं, माझ्याकडं बघितलं नाही. मंगळवारीही तेच. माझी पंचाईत बघा. खरं बोलावं तर सर दुखावतात, गप्प बसावं तर फाटा दबून जातो. दबलेली नस जास्त दिवस राहिली तर वाळते, गेलेली नजर मग परत येत नाही, हे सरांनीच शिकवलेलं. बुधवारी मी सुनीताला ओढत सरांच्या घरी घेऊन गेले.

सर पेपर वाचत होते. आम्हाला बघून त्यांनी पेपर आणखी वर धरला. मी काकूंनाच सगळं सांगितलं. काकू भाजी निवडता निवडता थांबल्या. "ताटात डावीकडं चटणी वाढली की हे विचारतेत, चटणी कुठाय," त्या म्हणाल्या. "पण पंचवीस वर्षांत ह्यांना घरातली एक वस्तू सापडलेली न्हाई. मला काय वेगळं वाटणार बाई?"

पेपरामागून सर म्हणाले, "काही झालेलं न्हाई मला."

"मग बसा की समोर," काकू म्हणाल्या. "शिरूर, मला शिकव ते बोटाचं."

मी शिकवलं. काकू पाटावर बसल्या, सर समोर, नाइलाजानं, एक डोळा झाकून. काकूंनी हात वर केला. "दिसलं!" सर लगेच म्हणाले. मी मान हलवली. बांगड्या वाजल्या होत्या. काकूंच्याही लक्षात आलं. त्यांनी सगळ्या बांगड्या कोपराकडं सारून घट्ट बसवल्या आणि पुन्हा हात नेला. आता काही आवाज नाही. काकूंचं बोट हलत होतं. सर वाट बघत होते. 

"आण की गं," सर म्हणाले.

काकूंनी हात खाली घेतला. "आणलंय हो," त्या म्हणाल्या. "केव्हाचं आणलंय."

 सरांनी खिशातून स्केचपेन काढलं, पेपरच्या कडेला दोन गोल काढले, मागून दोन रस्ते काढले आणि फाट्यावर एक फुली मारली. "बारा वर्षं पोरांपुढं हितं बाक टाकला," ते म्हणाले, "आन् माझ्याच रस्त्यातला दिसला न्हाई."  मी तिथंच रडले. सुनीता तर आधीपासूनच रडत होती.

तपासणीत फाट्याच्या खाली बोराएवढी गाठ निघाली. गाठ वाईट नव्हती, पण जागा वाईट होती. डॉक्टर म्हणाले, आणखी काही महिने गेले असते तर हातात काही उरलं नसतं. आताही किती नजर परत येईल सांगता येत नाही. हैदराबादला नाकातून ऑपरेशन झालं. तिथंही सर गप्प बसले नाहीत. आत नेताना त्यांनी सर्जनला विचारलं म्हणे, "डॉक्टरसाहेब, कुठल्या हाडातून जाणार? पोरांना सांगायचंय." आणि ऑपरेशनची चित्रफीत मागून आणली.

अडीच महिन्यांनी सर वर्गात आले. दारातून अगदी मधोमध. मग त्यांनी ती चित्रफीत पडद्यावर लावली. "या, माझ्या घरात या," म्हणाले. "हे नाक. हितनं आत. हा बघा फाटा, कसा चेपलाय. आन् ही गाठ काढली. बघा, उठला का न्हाई?" नरेशला घेरी आली, त्याला बाहेर नेऊन बसवलं. सर खूश. नजर जवळजवळ सगळी परत आली होती. राहिला तो डाव्या डोळ्याचा बाहेरचा, वरचा कोपरा. तो आला नाही, येणारही नाही. "घराच्या माळ्यावर तसंही मी कधी बघत नव्हतो," सर म्हणाले.

माझं शून्य त्यांनी खोडलं. मी कुठं मागितलं होतं? पण खोडलं, आणि सगळ्या वर्गापुढं खोडलं.

आता मी नांदेडला एका डोळ्यांच्या दवाखान्यात आहे. मागच्या वर्षी एक दाखला काढायला लातूरला कॉलेजात गेले. शनिवार होता हे डोक्यात नव्हतं. ऑफिसातल्या कारकुनानं सांगितलं, "सर वरती हायत. आज त्यांचा खास शनिवार." विचारलं तर म्हणाला, वर्षातून एका शनिवारी सर नाटक करत नाहीत. चिठ्ठीही लिहीत नाहीत. पहिल्या वर्षाच्या पोरांना ऑपरेशनबद्दल काहीच माहीत नसतं. त्यांना सर आधीच सांगून टाकतात, आज मी निरोगी हाय, तपासा. आणि स्टुलावर बसतात.

मी जिन्यातल्या खिडकीतून बघितलं. सहा जणांचं झालं होतं. सहाही जण "सगळं ठीक हाय सर" म्हणून बसले होते. सातवी एक बारकी पोरगी, दोन वेण्या. सरांनी उजवा डोळा झाकला. तिनं खालून बोट आणलं, "दिसलं." आडवं आणलं, "दिसलं." मग सरांच्या डावीकडं वरून आणलं. सर गप्प. तिनं बोट मागं नेलं, पुन्हा आणलं. सर गप्पच. तिनं वर्गाकडं बघितलं. सहा जणांपैकी कुणी तिच्याकडं बघेना. मला तिच्याकडं बघवेना. 

"काय झालं?" सर म्हणाले. "बोल."

"सर... तुम्हाला..."

"मोठ्यानं."

"तुम्हाला डाव्या डोळ्यानं वरच्या कोपऱ्यात दिसत न्हाई सर."

"मी निरोगी हाय म्हणालो होतो ना?"

"हाव सर."

"मग?"

 "तरी दिसत न्हाई सर," ती म्हणाली आणि रडायला लागली.

सर स्टुलावरून उठले आणि दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवायला लागले. एकटेच. असे वाजवत होते, जसं काही घरात पोर झालंय. मग तिच्या डोक्यावर हात ठेवला, ती हुंदके थांबवेपर्यंत तिच्यापुढं उभे राहिले, आणि बाकीच्या सहा जणांकडं वळून म्हणाले, "चला रे, या पुन्हा रांगेत. ह्या बारीला मास्तराकडं बघू नका, बोटाकडं बघा."